डाव्या बाजूची खोळ

५ डिसेंबर २०२४
अहमदपूर

आनंदा,

सोमवारी सकाळी तुला फाट्यावर नांदेडच्या एसटीत बसवून मी घरी आलो, पिकअपच्या हौद्यात चढलो आणि डाव्या बाजूच्या, तुझ्या गादीची खोळ काढली. बोअरच्या नळाखाली धुतली. गादी उन्हात टाकली. मग ओल्या फडक्यानं खालची प्लायवूडची फळी पुसायला घेतली. एवढंच केलं. चष्मा राहिला म्हणून तू पुढच्या थांब्यावर उतरून परत आलास तेव्हा मी फळी पुसत होतो. तू जे पाहिलंस त्याचा भलताच अर्थ काढलास.

सहस्रकुंडला आपण दोन दिवस हौद्यातच निजलो, त्या रस्त्याला किती धूळ होती ते तुला माहीत आहे. भोकर सोडल्यापासून ताडपत्रीच्या फटीतून सगळा फुफाटा आत येत होता. सकाळी उठलो तर माझ्या मिशा पांढऱ्या झालेल्या. तूच हसलास, "उम्या, एका रात्रीत आजोबा झालास की रे." मग धुवायला नको?

तू चष्मा उचललास. खिशात घातलास. उज्वला चहा ठेवते म्हणाली तर "न्हाई वहिनी, गाडी चुकंल" म्हणालास. नांदेडला दर अर्ध्या तासाला गाडी आहे, हे तुला आणि तिला दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. काल मी मेसेज केला की खोळीला धूळ लागली होती म्हणून धुतली. तुझी एकच ओळ आली : "धूळ एकाच बाजूला बसली होती का?" त्यानंतर माझा नंबर तू बंद केलास.

माझ्या बाजूची खोळ मी दुसऱ्या दिवशी धुणार होतो. पण मंगळवारी मार्केट यार्डात सोयाबीनचे कट्टे न्यायचे होते, त्यासाठी दोन्ही पलंग उतरवावे लागले, आणि ते राहून गेलं.

तू आयटीआयला नांदेडला होतास तेव्हा आपण पत्रं लिहायचो, म्हणून पुन्हा लिहितो आहे. मुदखेडला तुझ्या रेल्वे शेडच्या पत्त्यावर पाठवतो. घरी मनिषावहिनींच्या हाती पडायला नको.

तुझा
उमाशंकर

२२ डिसेंबर २०२४
अहमदपूर

आनंदा,

उत्तर आलं नाही. मीही तुझ्या जागी दिलं नसतं.

आज रविवार. पूजा झाल्यावर पलंग परत हौद्यात बसवून पाहिले. एकट्याला सतरा मिनिटं लागली. तू बरोबर असताना नऊ लागायची. हौद्याच्या तळाला तू नळ्यांचे जे तुकडे वेल्ड केलेस त्यात पाय अजून थोडे घट्ट जातात. तू सांगितलं होतंस तसं रंग खरवडून ग्रीस लावलं. चौकोनी पाइपाची चौकट, त्यावर फळी, फळीवर गादी. मधे दीड फुटाची वाट. चार बोल्ट काढले की पलंग बाहेर आणि गाडी पुन्हा पोत्यांची. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस तू माझ्या अंगणात बसून ठिणग्या उडवल्यास, ते सगळं गाव बघून गेलं.

उत्तरेकडं डोकं करून झोपायचं नाही यावरून आपलं किती चाललं होतं. तू हातात वेल्डिंगचा मुखवटा धरून म्हणालास, "उम्या, उत्तर पलंग बनवताना धरायची का गाडी लावताना?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना उशी ठेवता येईल असं कर. गाडी जशी लागंल तसं डोकं फिरवू."

"म्हंजे यम आला तर बिचारा आधी उशी हुडकत बसंल."

उज्वला हसून हसून रडायची राहिली होती. आणि तरी तू दोन्ही टोकांना उशीसाठी पट्टी लावून दिलीस. तुझा त्यावर विश्वास नाही, तरी स्वतःच्या बाजूलाही लावलीस, "दोन्ही सारखे दिसले पाहिजेत" म्हणून.

आपलं ठरलं काय होतं? सहस्रकुंडला दोन दिवस चाचणी, मग तुझी रजा मंजूर झाली की एका फेरीत दोन्ही : तुझं बौद्ध विहारांचं नागार्जुनकोंडा, माझं श्रीशैल. दहावीच्या वर्गात भूगोलाच्या नकाशावर बोट ठेवून ठरवलेलं. त्याला तेहतीस वर्षं झाली.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. फडकं नुसतं पाण्यात भिजवलेलं नव्हतं. वाटीत गोमूत्र होतं. तुला ते दिसलं असणार. वाटी हौद्याच्या मागच्या फाळक्यावरच ठेवली होती.

तू माझ्या चुलत्यांना, शिवलिंगआप्पांना ओळखतोस. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांचा खुबा गेला आहे, तासभरसुद्धा बसवत नाही. शिवरात्रीला त्यांना श्रीशैलला निजवून न्यायचं मी कबूल केलं आहे. त्यांचं सोवळं तुला माहीत आहे. त्यांनीच सांगितलं, "त्याच्यावर कोण निजलं हुतं? शुद्ध करून घे, मगच मी निजंल." म्हाताऱ्या माणसापुढं काय बोलणार? त्यांचं मन राखायला केलं. माझ्या मनात तसं काही नाही, हे तुला मी सांगायला हवं का?

उमाशंकर

१ मार्च २०२५
अहमदपूर

आनंदा,

आप्पांना श्रीशैलचं दर्शन घडवून काल परत आलो.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. ते आधी सांगतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी उज्वलेला म्हणालो, आनंदाला पत्रातून समजावलं की आप्पांच्या सांगण्यावरून करावं लागलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"आप्पांनी कधी सांगितलं?"

"तेव्हाच. डिसेंबरात."

"आप्पा दिवाळीपास्नं उदगीरला होते, लेकीकडं. संक्रांतीला आलेत." मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "देवाचं करणारा माणूस हाव तुम्ही. खोटं बोलताना निदान गावात असलेलं माणूस तरी निवडायचं."

 ती खरं बोलली. आप्पांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांना पलंग कसा आहे हेही माहीत नव्हतं. त्या सोमवारी मी फाट्यावरून आलो, हौद्यात चढलो, आणि माझे हातच वाटीकडे गेले. कोणी सांगावं लागलं नाही.

आप्पांना मी तुझ्याच पलंगावर निजवलं, डाव्या. हैदराबादच्या पुढं जंगलाचा रस्ता लागला तरी ते गाढ झोपेत होते. पाण्याला थांबलो तेव्हा म्हणाले, "घरच्या बाजेवर बी अशी झोप लागत न्हाई. कुणी केलंय?" मी नाव सांगितलं. तू त्यावर दोन दिवस झोपला होतास हेही सांगितलं, आणि नंतर मी काय केलं तेही. मला वाटलं ते चिडतील, मला इथंच उतरव म्हणतील, आणि मग मी त्यांच्यावर चिडेन. मला त्याची फार गरज होती.

आप्पांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं. मग म्हणाले, "मी हितं असतो तर सांगितलंच असतं. पण मी सांगायच्या आधीच केलंस. माझ्याहून पुढं गेलास की रे तू." आणि बाटलीतलं पाणी पिऊन पुन्हा निजले.

शिवरात्रीला तिथल्या मैदानात गाड्याच गाड्या होत्या. ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप. चाकांच्या आडोशाला चुली, दोऱ्यांवर ओली धोतरं. शेजारी बिदरकडची माणसं होती. त्यातल्या एकानं आपले पलंग हलवून पाहिले, बोल्टावरून हात फिरवला आणि विचारलं, "यार माडिदरी?" म्हणजे, कोणी केलं? माझ्या तोंडून निघालं, "मुदखेडचा एक फिटर आहे."

एक फिटर. तेहतीस वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर नकाशावर बोट ठेवलं तो.

पूजेला बसलो तर वाऱ्यानं दिवा राहीना. सहस्रकुंडला मी पूजेला बसलो होतो तेव्हा तू बाहेर उकिडवा बसून ताडपत्रीचं टोक धरून ठेवलं होतंस, दिवा विझू नये म्हणून. चहा गार झाला तरी उठला नव्हतास. माझी पूजा चालावी म्हणून तू वारा अडवून बसलास, आणि घरी आल्यावर त्याच हातांनी मी तुझी जागा शुद्ध केली. आमच्या धर्मात जात नाही, असं मठात लहानपणापासून शिकवतात. मी पाठ केलेलं आहे सगळं.

परतताना नागार्जुनसागरकडं, म्हणजे तुझ्या नागार्जुनकोंड्याकडं जाणारा फाटा लागला. पाटी तेलुगूत आणि इंग्रजीत होती. आप्पा झोपले होते. मी गाडी सरळ आणली.

उमाशंकर

६ एप्रिल २०२५
अहमदपूर

आनंदा,

मनिषावहिनींचा फोन आला होता. तुझ्या लुंबिनीचं लग्न अकरा मेला आहे असं त्यांनी सांगितलं. मुलगा परभणीचा, शिक्षक.

बराच वेळ बोलत होत्या. मी लक्ष देऊन ऐकत होतो, की तू घरात काय सांगितलं आहेस. त्या म्हणाल्या, "तुमच्या दोस्ताला विचारलं, उमाशंकर भावजी कसे न्हाईत आले एवढ्यात? तर म्हणले, त्याच्या गाडीला काम लागलंय, त्याला बोलवू नको उगी." मग म्हणाल्या, "ते काही मला चालणार न्हाई. लुंबिनीला सख्खा काका न्हाई. दारात पाहुण्यांच्या स्वागताला तुम्हीच उभं राहायचं."

मी हो म्हणालो. तोंडातून गेलंच.

म्हणजे तू घरी बोलला नाहीस. चार महिने. खोळी वहिनींनी शिवल्या होत्या म्हणून बोलला नसशील. की लुंबिनी मला काका म्हणते म्हणून? मला वाटत होतं तुझ्या घरात माझ्या नावानं बोटं मोडत असतील, आणि त्याचा मला एक प्रकारे आधार होता. इथं तर तू माझी लाज झाकून ठेवली आहेस आणि त्यासाठी रोज घरच्यांशी खोटं बोलतो आहेस.

आठवतं का माहीत नाही. तू शाळेतून माझ्याबरोबर घरी यायचास, ओसरीच्या कडेला बसायचास. आई तुला लांबून गूळ-शेंगदाणे द्यायची. तू गेलास की ती त्या जागेवर पाणी टाकायची. तिला वाकायला त्रास व्हायचा म्हणून तांब्या मी ओतायचो. एकदा तू फाटकापाशी वळून पाहिलं होतंस. दुसऱ्या दिवशी शाळेत तू त्याबद्दल काही बोलला नाहीस, डबा उघडून "घे" म्हणालास. हे कारण म्हणून लिहीत नाही. लिहितो यासाठी, की त्या सोमवारी तुला काही नवं दिसलं नाही, हे मला आत्ता कळतं. तू फक्त एवढंच पाहिलंस की एकोणपन्नासाव्या वर्षीही तांब्या माझ्याच हातात आहे.

आता तुझ्या दारात मी कसा उभा राहू? आलो, तर तुझ्या पाहुण्यांसमोर काका म्हणून हात जोडायचे, आणि तू शेजारी उभा राहून ते सहन करायचं. नाही आलो, तर कारण तूच शोधायचंस, गाडीला पुन्हा काही काम काढायचंस. दोन्हीकडून ओझं तुझ्याच डोक्यावर.

एक तिसरं आहे. ते करायची मला भीती वाटते. माफी मागणारी पत्रं मी आणखी पन्नास लिहीन, त्याला काही लागत नाही. पण वहिनींच्या तोंडावर हे सांगायला निघालो की गाडीपाशी जाऊन परत फिरतो.

आप्पा काल विचारत होते, पुढं कपिलधारला कधी नेतोस. मी म्हणालो, पलंग आता लावणार नाही. का म्हणून विचारलं नाही त्यांनी. त्यांना कळलं आहे, आणि त्यांना ते माझं थेर वाटतं. "एका खोळीपायी एवढं?" म्हणाले उज्वलेजवळ. मला ते ऐकू जाईल अशा बेतानं.

उमाशंकर

२० एप्रिल २०२५
मुदखेड स्टेशन

आनंदा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझ्या शेडच्या गेटवर देणार आहे, म्हणजे तू घरी जायच्या आत तुझ्या हाती पडेल. लुंबिनीनं तसं करायला सांगितलं.

सकाळी सातला निघालो. तू ड्यूटीवर असशील अशीच वेळ धरली. तुझ्यासमोर तोंड उघडलं नसतं.

मनिषावहिनी अंगणात शेवया वाळत घालत होत्या. मला पाहून ओरडल्याच. "अगं बाई, भावजी! लुंबिनी, बघ कोण आलंय. काय हो, तुमची पिकअप इकडं वळतच न्हाई आता? मुदखेडला टोल लावलाय का आम्ही?" खुर्ची दिली. मी बसायच्या आत कामांची यादी आणून हातात ठेवली. लुंबिनीचं अक्षर. तिसऱ्या ओळीत "स्वागत – उमाशंकर काका". वहिनी म्हणाल्या, "फेटा बांधावा लागंल बरं का. उगी टोपी घालून यायचं न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, आधी माझं ऐका. मग यादीत माझं नाव ठेवायचं का ते बघा."

त्या हसतच होत्या. त्यांना वाटलं मी लग्नाला यायला जमत नाही असं काही सांगणार. मी सहस्रकुंडपासून सुरू केलं. तुला एसटीत बसवलं तिथपर्यंत त्या मान डोलवत होत्या. खोळीशी आलो तेव्हा त्यांनी शेवयांचं पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि नंतर तसेच पदरात धरून ठेवले. वाटीत काय होतं तेही सांगितलं. तू चष्म्यासाठी परत आलास आणि चहा न घेता गेलास, तेही.

वहिनी म्हणाल्या, "आप्पांनी सांगितलं असंल. त्यांचं सोवळं हाय ना कडक."

आनंदा, त्यांनी स्वतः मला वाट काढून दिली. माझ्याकडं बघत होत्या, मी हो म्हणावं म्हणून. हो म्हटलं असतं तर त्यांचंही सुटलं असतं आणि माझंही. मी चहा पिऊन निघालो असतो.

"न्हाई," मी म्हणालो. "आप्पा उदगीरला होते. मीच केलं. कुणी सांगितलं न्हाई."

त्या उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. सवयीनं असेल, तांब्या-पेला घेऊन आल्या होत्या. मी हात पुढं केला. त्यांनी पेला दिला नाही.

"राहू द्या भावजी," म्हणाल्या. "आता तुम्ही हे पाणी पिलात तरी मला वाटंल, दाखवायला प्यालेत. आन् न्हाई पिलात तर ते बी दिसंलच. आमच्या हातून आता साधं पाणी बी देता येईना असं केलंत तुम्ही."

पुढं केलेला हात मी मागं घेतला. 

मग त्या तुझ्याबद्दल बोलल्या. "डिसेंबरात घरी आले तेव्हा जेवले न्हाईत. मला म्हणले, प्रवासानं पोट बिघडलंय. मी ओव्याचं पाणी देत बसले." त्यांचा आवाज इथं चढला, पूर्ण बोलण्यात एकदाच. "चार महिने ह्या माणसानं एकट्यानं गिळलं, आन् मी तुम्हाला फोन करून करून बोलवायली!"

लुंबिनी दारात उभी होती. तिनं किती ऐकलं मला ठाऊक नाही. चेहऱ्यावरून सगळंच ऐकलं असावं. ती मला काका म्हणाली नाही.

"बाबांना ठाऊक हाय का, तुम्ही आलात ते?"

"न्हाई."

"मग जाताना सांगून जा. आज घरी आल्यावर आमची तोंडं बघून त्यांना कळायला नको."

मी तिला हो म्हणालो. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं, आपटलं नाही.

यादी माझ्याच हातात राहिली होती. वहिनींनी ती मागितली नाही, नाव काढा असंही म्हणाल्या नाहीत. तेवढं काम तरी त्यांच्यावर टाकायचं नाही म्हणून खिशातला पेन काढून तिसऱ्या ओळीतलं माझं नाव मी खोडलं, आणि यादी खुर्चीवर ठेवून उठलो. त्या पुन्हा शेवयांकडं वळल्या होत्या.

तुझ्याकडून मला उत्तर नको. लग्नाला मी येणार नाही, आणि न येण्याचं कारण तुला शोधावं लागणार नाही. तुझ्या घरात आता सगळ्यांना ते माहीत आहे, माझ्या तोंडून.

उमाशंकर